कॅसेटची कोरी बाजू

सीताबर्डीच्या त्या कॅसेटच्या दुकानात प्रेमिला गजभिये शिरली, तेव्हा तिच्या पर्समधून हातभर तपकिरी फीत लोंबत होती आणि ती स्वतः रडण्याच्या बेतात होती.

जानेवारीतली दुपार होती. रस्त्यावर संत्र्यांच्या हातगाड्या लागल्या होत्या, सोललेल्या सालींचा वास थेट दुकानात येत होता. काउंटरमागे एक उंच, सावळा तरुण कानांना हेडफोन लावून डोळे मिटून बसला होता. गिऱ्हाईक समोर आणि दुकानदाराचे डोळे बंद! प्रेमिलाने दोनदा "ओ भाऊ" म्हणून पाहिलं. मग तिने काउंटरच्या काचेवर बांगडी वाजवली. त्याने एक डोळा उघडला.

"टेपनं खाल्ली," ती म्हणाली.

"काय खाल्लं?"

"माही कॅसेट खाल्ली. होईन का दुरुस्त?"

त्याने लोंबणारी फीत अलगद हातात घेतली. "कोणता पिक्चर आहे?"

"पिक्चर नाही."

"मग कव्वाली? भजन?"

"नाही हो."

"मग आहे तरी काय?"

प्रेमिलाने मागे वळून पाहिलं. दुकानाचे मालक ओमप्रकाशजी फोनवर कुणाशी तरी हुज्जत घालत होते. तरीही तिने आवाज खाली आणला. "माही गाणी आहेत."

"म्हणजे तुम्ही आवडीची भरून घेतलेली?"

"म्हणजे मी केलेली… शब्द माहे, चाल बी माही. घरीच भरली."

मुलीने असं काही सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग "अरे वा" म्हणतात. काउंटरमागच्या त्या तरुणाने, रविंद्रने, यातलं काहीच केलं नाही. त्याने कानांवरचे हेडफोन काढून ठेवले आणि एक पेन्सिल शोधून काढली. सगळा घोळ झाला तो तिथेच. तो हसला असता, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

पेन्सिल चाकात घालून तो फीत हळूहळू आत घेऊ लागला. चुरगळलेली जागा आली की बोटाने सपाट करायचा, पुन्हा पेन्सिल फिरवायचा. प्रेमिला त्याच्या बोटांकडे पाहत राहिली. मग आपण पाहतोय हे लक्षात येऊन तिने भिंतीवरच्या पोस्टरांकडे नजर वळवली.

"लावून पाहू?"

"इथं नको!" ती जवळजवळ ओरडलीच. ओमप्रकाशजींनी फोनवर हात ठेवून वर पाहिलं.

"मग आवाज गेला का राहिला, समजन कसं?"

"तुम्ही… तुम्ही एकटे ऐका. हेडफोनवर."

आणि त्याने ऐकलं. पुन्हा डोळे मिटून, पहिलं गाणं पूर्ण. दुरुस्ती तपासायला एवढं ऐकावं लागत नाही हे तिलाही कळत होतं. आपलं गाणं दुसऱ्याच्या चेहऱ्यावर कसं उमटतं ते ती आयुष्यात पहिल्यांदा पाहत होती. त्याची भुवई एकदा हलली, ओठ एकदा किंचित मुडपले, आणि प्रेमिलाला आपल्या कानशिलांत धडधड ऐकू येऊ लागली.

"शेवटी ट्रकचा हॉर्न आहे," डोळे उघडून तो म्हणाला.

तिचं तोंड उतरलं. "आम्ही कोराडीले राहतो. कोळशाचे ट्रक जातात दिवसभर. कितीही खिडक्या लावा…"

"काढू नका तो. बिचारा सुरात वाजला."

मग मात्र ती हसली. मघापासून डोळ्यांत थांबलेलं पाणी त्या हसण्यात कधी वाहून गेलं, तिलाही कळलं नाही.

प्रेमिलाचे वडील देवराव कोराडीच्या वीज केंद्रात कामाला होते. कॉलनीतल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये आई, वडील आणि ती. बी. ए. झाली होती, टायपिंग शिकत होती, आणि आई बाजारात गेली की बाहेरगावी नोकरीला असलेल्या भावाने घेऊन दिलेला टू-इन-वन रेडिओ-टेप गादीवर ठेवून, दारं-खिडक्या लावून गाणी भरत होती. गाणी कसली, तर जे दिसेल त्याची. दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांवर रोज वीज केंद्राच्या चिमणीची राख बसायची, त्याचं एक गाणं होतं:

वाळू घातली पांढरी ओढणी, करडी झाली वं
चिमणीबाई, तुही राख माह्या घरी आली वं

दुसरं एक कुहीकडच्या आजोळचं होतं, धानाच्या रोवणीचं, म्हणजे भातलावणीचं. ते आईला ऐकवायची तिची हिंमत नव्हती.

आणि तिला एकच हवं होतं: कुणीतरी ऐकावं आणि कसं वाटलं ते सांगावं. रेडिओवर जायचं नव्हतं, स्टेजवर चढायचं नव्हतं. शेजारच्या कौसल्यावहिनींचा नवरा कुवेतला होता. वहिनी कॅसेटच्या एका बाजूवर इकडच्या गोष्टी बोलून पाठवायच्या, तो दुसऱ्या बाजूवर उत्तर भरून पाठवायचा. ते पाहूनच प्रेमिलाला सुचलं होतं. ए बाजूवर आपली गाणी, बी बाजू कोरी. कॅसेट लोकांत फिरू द्यायची. ज्याला जे वाटेल त्याने ते बी बाजूवर बोलावं, असं डबीवर लिहायचं.

दुकानात भाड्याने कॅसेटी जायच्याच. रविंद्रने ओमप्रकाशजींना पटवलं. "ठीक है," ते म्हणाले, "किसी भी कैसेट के साथ फ्री में दे दो. आ गई तो आ गई."

मग रविंद्रने कॅसेट उलटी धरून तिला मागच्या कडेची प्लॅस्टिकची इवलीशी पट्टी दाखवली. "ही मोडली की ए बाजू पुसता येत नाही. गाणी पक्की." आणि पेन्सिलीच्या टोकाने त्याने ती मोडली.

"मग बी ची बी मोडा ना."

"ते मोडली तं लोक बोलतीन कशावर?" तो हसला. "ते राहू द्या. ते ऐकणाऱ्याची आहे."

कॅसेट फेब्रुवारीत परत मिळाली. घरी येऊन तिने बी बाजू लावली. सुरुवातीला खरखर… मग तोच आवाज, पण दुकानातल्यापेक्षा खाली, जवळचा.

"नमस्कार. मी रविंद्र. दुकानातला. सगळी गाणी ऐकली. रोवणीच्या गाण्यात दुसऱ्या ओळीच्या आधी तुम्ही श्वास घेता, तो ऐकू येते. पुढच्या टायमाले लपवू नका. तो श्वास आला की मले समजते, आता काहीतरी लागणार आहे…" असं तो बराच वेळ बोलला. कुठे चाल घाईत गेली, कुठे शब्द नुसता यमकासाठी आला, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "झालं माहं. आता बंद करा… नाहीतर उगीच खरखर ऐकत बसान."

प्रेमिलाने खटकन बटण दाबलं आणि टेपवर हात ठेवून तशीच बसून राहिली. त्या दिवशी भात करपला.

मग भेटी होत गेल्या. कॅसेट द्यायला एकदा, आणायला एकदा, आणि अधूनमधून काहीच कारण नसताना. दुकानापुढच्या गाडीवर तर्री-पोहे खाताना तिच्या नाकातून पाणी यायचं आणि तो मुद्दाम तर्री वाढून घ्यायचा.

"आज पोट्टीचा आवाज बसणार."

"बसू दे. तुमचंच नुकसान आहे."

"माहं कसं काय?"

"ऐकणार कोण मग? तुम्हीच तं आहे ऐकणारे."

ती हे हसत म्हणायची, पण त्यात एक बोचरी जागा होती. दर वेळी ती विचारायची, "बाकी कोणी काही बोल्लं का?" आणि दर वेळी रविंद्र पोह्यांवरचा कांदा बाजूला सारत म्हणायचा, "कॅसेट जाते, येते. लोकायले पिक्चरची गाणी लागतात वं. कोणी नाही बोलत."

"एकही नाही?"

"मी आहो ना."

"तुम्ही" चं "तू" कधी झालं ते दोघांनाही आठवत नाही. तिसऱ्या कॅसेटच्या बी बाजूवर तो गाण्यांबद्दल बोलता बोलता थांबला. बराच वेळ नुसताच श्वास ऐकू आला. "प्रेमिला… समोर बोलायची माही हिंमत नाही, म्हणून मशीनले सांगून राहिलो. माही माय तुह्या घरी येऊ का म्हणते. येऊ दे का? … झालं माहं. आता बंद कर."

तिने बंद केलं. मग मागे घेऊन पुन्हा ऐकलं. मग पुन्हा. दर वेळी तो "बंद कर" म्हणाला की ती बंद करायची. त्या दोन शब्दांतच तिला त्याची सगळी माया ऐकू यायची. आज्ञाधारक म्हणून ती काही प्रसिद्ध नव्हती, आईला विचारा. पण त्याचं ऐकायला तिला आवडत होतं.

घरच्यांची काही अडचण नव्हती. दोन्ही घरं एकाच समाजातली, मुलगा कमावता, मुलगी शिकलेली. रविंद्रच्या आईने, बायजाबाईंनी, प्रेमिलाच्या हातचा चहा पिऊन "पोरगी गोड आहे" म्हटलं आणि बुद्ध पौर्णिमेनंतरची तारीख ठरली. लग्नाची पांढरी साडी घेऊन झाली.

फक्त प्रेमिलाच्या आत काहीतरी मिटत चाललं होतं. एवढ्या मोठ्या नागपुरात आपलं गाणं कुणालाच काही वाटत नाही, एक शब्दही बोलावासा वाटत नाही, म्हणजे ते तसंच असणार. रविंद्रला आवडतं, कारण त्याला आपण आवडतो. साधा हिशेब होता. एप्रिलमध्ये चौथी कॅसेट त्याच्या हातात देताना ती म्हणाली, "ही शेवटची. आता नाही भरत."

त्याने विरोध करावा, असं तिला फार वाटत होतं.

"बरं," तो म्हणाला, आणि तिच्या कपाळावर आलेली बट मागे सारली. "आपल्या घरी म्हणशील. मी एकटा ऐकीन. तुह्या गाण्याले दुसरं कोणी लागतेच काहून?"

यावर विरघळायचं असतं, म्हणून ती विरघळली.

मे महिन्यात कॉलनीत सगळ्यांच्या गच्च्यांवर कुरड्या पडतात. राखेचा त्रास म्हणून वरून पातळ लुगडं पसरायचं. त्या सकाळी आई वर होती आणि प्रेमिला स्वयंपाकघरात गव्हाचा चीक घोटत होती. हात कोपरापर्यंत माखलेले. चौथी कॅसेट आदल्या दिवशीच मिळाली होती. बसल्याबसल्या ऐकावी म्हणून तिने आधीच लावून ठेवली होती.

रविंद्र गाण्यांबद्दल या वेळी थोडंच बोलला. घराचं बोलला, खाटेचं बोलला, कुलर घ्यायचा का याबद्दल बोलला. प्रेमिला हसत चीक घोटत होती. "झालं माहं," तो म्हणाला, "आता बंद कर."

"थांब रे बाबा, हात पाह्य माहे," ती टेपला म्हणाली.

खट् असा आवाज झाला. खरखर. आणि मग एक म्हातारी बाई बोलू लागली.

"…अन् ते रोवणीचं गाणं पहिल्या कॅसेटीत होतं, ते म्या माह्या सुनेले आयकवलं. ते रडली वं बाई. म्हणे, आत्या, हे तं माह्या मायचंच आहे. मागच्या टायमाले बी म्या सांगतलं होतं तुले, कुहीची सिंधूबाई म्हणून. तू काही बोल्ली नाही. पण नवीन आली की माह्या पोराले आणाले लावतो. तू सोडू नको गाणं…"

प्रेमिलाच्या हातातला घाटा थांबला.

मग एक पुरुष, घसा खाकरत. कन्हानच्या खाणीत कामाला होता. त्याच्या पाळीतल्या सगळ्यांनी राखेचं गाणं ऐकलं होतं, आणि एकजण ते काम करता करता म्हणतो, असं त्याने लाजत सांगितलं. मग दोन मैत्रिणी, एकमेकींना ढकलत, खिदळत, "तू बोल ना वं." मग एका बाईचा दबका, थोडा चिरका आवाज.

"मी अंजनाबाई. कामठीची. नाक्याजवळ पाण्याच्या टाकीमागं राहतो, बिड्या बांधतो. ताई, तुमचं आयकून मले बी एक सुचलं. मागच्या कॅसेटीत बी म्हटलं होतं, तुमचं काही आलं नाही. दुसऱ्या कोणाले म्हटलं नाही अजून. लोक हासतीन. तुमी आयका, अन् सांगा, कसं आहे तं. खरं सांगा."

आणि ती गाऊ लागली:

पानात तमाखू, तमाखूत दिवस, दिवसाले बांधला दोरा
सुपातून गेले जनमाचे दिस, अन् माह्या—

खट्. कॅसेट संपली होती. बटण आपोआप वर आलं.

चीक खाली लागल्याचा वास घरभर पसरला. आई गच्चीवरून ओरडत होती. प्रेमिलाला काहीच ऐकू येत नव्हतं. तिने हात कसेबसे पुसले आणि बाकीच्या तिन्ही कॅसेटी काढल्या. प्रत्येकीच्या बी बाजूवर रविंद्रचं "बंद कर" झाल्यावर ती पुढे ऐकत राहिली. पहिलीत नुसती खरखर होती. दुसरीत त्याच्या शब्दाच्या शेपटाला "…च येईन म्हणतो, नमस्कार" एवढंच कुणाचं तरी उरलं होतं. तिसरीत, जिच्यावर त्याने मागणी घातली होती, तिच्या अगदी शेवटी एक बाई म्हणत होती, "…म्हणून म्हटलं, सांगून द्यावं."

काय सांगून द्यावं? ते त्याच्या आवाजाखाली गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती कामठीला गेली. बसमध्ये बसल्याबसल्या तिने रविंद्रला बरंच माफ करून टाकलं. त्याला समजलं नसेल. फीत मागे घेऊन बोलताना चुकून झालं असेल. चारही वेळा चुकून? बरं, चुकून नसेल, पण प्रेमाने केलं असेल. प्रेमात पडलेल्या मुलीला असली वकिली शिकवावी लागत नाही. कामठीचा नाका येईपर्यंत रविंद्र जवळजवळ निर्दोष सुटला होता.

अंजनाबाई अंगणात सूप मांडीवर घेऊन बसल्या होत्या. चाळिशीच्या असतील. बोटं पान कापत होती, तंबाखू भरत होती, दोरा गुंडाळत होती, मान वर न करताच त्यांनी विचारलं, "कोण पाह्यजे?"

"मी प्रेमिला. कोराडीची. ते गाण्याची कॅसेट…"

बोटं थांबली. मग पुन्हा चालू झाली, पण हळू. "आली का ताई तुमी. बसा. लय वाट पाह्यली म्या."

"तुमचं गाणं अर्धंच आलं. फीत संपून गेली होती. पुढचं ऐकाले आली मी."

"पुढचं?" अंजनाबाई कसनुशा हसल्या. "पुढचं नाही आठवत आता."

"थोडंसं तरी असन. 'अन् माह्या' वर तुटलं…"

"जावई दुकानात जाते कॅसेटी आणाले. दर टायमाले त्याले इचारलं, बाईनं काही सांगतलं का म्हणून. तो म्हणे, दुकानातला पोरगा म्हणते काही नाही. मंग मले वाटलं, वंगाळच असन. शिकल्या-सवरल्या बाईले काहून आवडन? सोडून देलं म्या." त्यांनी दोरा दातांनी तोडला. "सुरुवातीले तोंडात येत होतं काम करता करता. तं दाबून टाको. आता येतच नाही."

प्रेमिला खाली पडलेले पानांचे तुकडे गोळा करू लागली. अंजनाबाईंनाच तिची दया आली असावी. "तुमचं मात्र पाठ आहे हो," त्या म्हणाल्या, आणि बोटांच्या ठेक्यावर रोवणीचं गाणं म्हणू लागल्या:

चिखलात माह्या मायचे पाय, बोटात जोडवं नाही
रोवलं तिनं जे हिरवं हिरवं, ते तिच्या नावचं नाही

दुसऱ्या ओळीच्या आधी त्यांनी अगदी प्रेमिलासारखाच श्वास घेतला. इतकं सुरेख तिचं गाणं तिनेही कधी म्हटलं नव्हतं. ती तिथेच अंगणात तोंडावर पदर घेऊन रडली. आपल्या गाण्यासाठी की त्यांच्या, हे अंजनाबाईंना कळलं नाही. त्यांनी चहा ठेवला.

दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. आत कुलरच्या वाळ्याचा ओला वास. ओमप्रकाशजी जेवायला गेले होते. तिला पाहून रविंद्रचा चेहरा असा काही उजळला की ती क्षणभर आल्या वाटेने परत जाणार होती.

"एवढ्या उन्हात? काहून वं?"

तिने कॅसेट काउंटरवर ठेवली. "बी बाजू लाव. तुहं झालं की बंद नको करू."

त्याचा हात कॅसेटपर्यंत गेला आणि तिथेच राहिला. लावायची गरजच पडली नाही.

"किती जण होते?" तिने विचारलं.

"मोजले नाही."

"काहून पुसलं, रविंद्र?"

तो कुलरकडे पाहत म्हणाला, "पहिल्याच कॅसेटवर एक माणूस होता. म्हणे, असा आवाज असलेल्या बाईले पाहाले मी पायी येईन. मले… मले नाही सहन झालं. त्याच्यावर मी बोललो. मग पुढच्या वेळी चार-पाच होते. मी विचार केला, ही एवढ्या लोकाइचं ऐकन, तं माहं काय ऐकन? एकदा पुसलं ना वं, की मग दुसऱ्यांदा काही वाटत नाही."

"मी दर वेळी विचारत होती तुले."

"हाव."

"अन् तू कांदा बाजूला सारत होता."

त्याने कॅसेटवरचा हात मागे घेतला.

"मी गाणं सोडाले निघाली होती. तू 'बरं' म्हणाला."

"मी होतो ना ऐकाले!" आता त्याचा आवाज फुटला. "तुहा एकेक श्वास ऐकला मी, प्रेमिला. जे बोललो त्यातला एक शब्द खोटा नव्हता. चौथ्या वेळी त्या कामठीच्या बाईनं पुन्हा तेच गाणं म्हटलं, तं तिथपर्यंत पुसाले माहा हातच नाही गेला. वाटल्यास शपथ घालून विचार."

"नव्हता खोटा. माहीत आहे मले." प्रेमिलाने डोळे पुसले. "तू एकटाच पुरला असता मले, रविंद्र. बाकीचे सगळे तिथं राहू देले असते ना, तरी मी तुह्यापाशी येऊनच थांबली असती."

तो काउंटरमागून बाहेर आला. तिचा हात धरला. पेन्सिल फिरवणारी तीच बोटं. "माफ कर. परत नाही होणार. तुही शपथ."

"मी तं बसमध्येच केलं होतं माफ," ती म्हणाली, आणि हे खरं होतं. "पण तिकडं एक बाई आहे गा. तिनं आयुष्यात एक गाणं केलं, अन् मी उत्तर दिलं नाही म्हणून ते विसरून गेली. माही माफी तिच्या काय कामाची?"

तिने हात सोडवून घेतला. शटरखालून वाकून बाहेर पडताना तिला मागून एकदा आपलं नाव ऐकू आलं. रस्त्यावर ऊन मी म्हणत होतं.

लग्न मोडलं, आणि ज्याला कळलं तो हसला. "मारलं का? नाही. पेते का? नाही. मग?" आईने कपाळावर हात मारून घेतला. "आवाज पुसला म्हणे! हे काय कारण झालं लगन मोडाचं?"  देवराव ड्यूटीवरून येत, हातपाय धूत आणि तिच्याकडे न पाहता जेवत. पांढरी साडी ट्रंकेत तळाशी गेली. प्रेमिलालाही रात्रंदिवस आपलं बरोबर होतं असं वाटत होतं, असं नाही. चांगलं ऐकणारा माणूस पुन्हा मिळत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तर्री-पोह्यांचा वास आला तरी ती रस्ता बदलायची.

पण पाऊस संपल्यावर तिने पुन्हा दारं-खिडक्या लावल्या. पाचवी कॅसेट भरली. ए बाजूच्या सुरुवातीला, आयुष्यात पहिल्यांदा, ती गाण्याआधी बोलली: "सिंधूबाई, अंजनाबाई, अन् ज्यांची नावं मले समजली नाही ते सगळे. तुमचं माह्यापर्यंत पोचलं नव्हतं. माफ करा. आता बोला." कॅसेट तिने कौसल्यावहिनींच्या हाती ओमप्रकाशजींकडे पाठवली. स्वतः दुकानात गेली नाही.

संत्र्यांचे दिवस पुन्हा आले तेव्हा कौसल्यावहिनी कॅसेट परत घेऊन आल्या. ओमप्रकाशजींनी निरोप दिला होता, "लड़की को बोलना, रविंद्र जबलपुर जा रहा है, वहाँ बड़ी दुकान में लग गया. कैसेट उसी ने सँभाल के रखी थी."

दुपारी घरात कुणी नसताना प्रेमिलाने बी बाजू लावली आणि समोर मांडी घालून बसली. सुरुवातीलाच सिंधूबाई होती, ठणठणीत. मग खाणीतला माणूस आणि त्याचे दोस्त, सगळे एकदम बोलत. एका नर्सबाईने शेवटच्या गाण्याची चाल फारच रडकी आहे म्हणून खडसावलं. अंजनाबाई होत्या. "अजून काही नाही जुळलं ताई," एवढंच त्या म्हणाल्या, "पण पाहतो." एकामागून एक आवाज, कुणी कुणावर चढलेला नाही. दोन माणसांच्या मध्ये श्वासापुरती जागा सोडलेली. कॅसेट हाताळणाऱ्याने ती नीट सोडली होती.

सगळे बोलून संपले. खरखर सुरू झाली. प्रेमिलाने बटणाला हात लावला नाही. आता ती कुणाचंही झालं म्हणून बंद करत नसे.

खरखरीतून तोच आवाज आला. खाली, जवळचा.

"सगळ्यायचं झालं ना?" तो म्हणाला. मग थोडा थांबला. त्याचा श्वास ऐकू आला. "मग आता माहं. प्रेमिला, मी तुले—"

खट्.

फीत संपली होती. प्रेमिलाने कॅसेट उलटीसुलटी करून पाहिली, जणू कुठे आणखी काही राहिलं असेल. काही राहिलं नव्हतं. चाकावर किती फीत उरली आहे ते रविंद्रला नुसतं पाहून कळायचं. किती शब्द मावतील, हे बोलायला सुरुवात करण्याआधीच त्याला माहीत असणार.

तिने शिवणाच्या डब्यातून कात्री काढली. कॅसेटच्या मागच्या कडेला बी बाजूची इवलीशी पट्टी होती. कात्रीचं टोक लावून तिने ती मोडली. आता यातलं कुणाचंच कुणाला पुसता येणार नव्हतं. मग तिने खिडकी उघडली. बाहेर कोळशाचा ट्रक हॉर्न वाजवत चालला होता.